रस्ता न पाहिलेले बूट

पत्र : नमस्कार. मी ठाण्यात राहते, वय 57. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. गुडघ्यांना धक्के नकोत म्हणून दिवाळीत रोइंग मशीन घेतलं. मॅग्नेटिक, दुमडून भिंतीला उभं करता येतं ते. मला फार आवडलंय. पण आठ-दहा मिनिटं झाली की उजव्या पायाची बोटं बधिर होतात, अंगठ्याजवळ मुंग्या येतात. पायावरचा पट्टा सैल ठेवला तर मागे कलंडेन अशी भीती वाटते, म्हणून मी तो घट्ट आवळते. सासूबाईंना घरात बूट चालत नाहीत आणि मशीन नेमकं देवघराशेजारी आहे. त्यामुळे मी नुसत्या मोज्यांवर करते आणि टाच सोलवटते. यजमान त्याच मशीनवर स्लिपर घालून बसतात आणि ‘मला काही होत नाही’ म्हणतात. माझा पाय 4 नंबरचा, त्यांचा 9. मुलगा बोस्टनला असतो. तो म्हणतो, हे पट्टे काढून टाक, सायकलवाल्यांसारखी क्लिपची पेडल बसवू, येताना घेऊनच येतो. जिममधल्या ट्रेनरने जाड सोलचे रनिंग शूज घ्यायला सांगितलं. कोणाचं ऐकू? सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे.

उत्तर :

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. मधुमेह नसता तर मी थेट पट्ट्यावर आलो असतो. आता आधी पायाचं बोलू.

पायाची बोटं बधिर होण्याची कारणं तुमच्या बाबतीत दोन असू शकतात. एक म्हणजे पट्ट्याचा दाब. तो ओळखायला सोपा: व्यायाम करतानाच होतं, एकाच पायाला जास्त होतं, पट्टा सोडून चार पावलं चाललात की पाच-सात मिनिटांत पाय पूर्ववत होतो. दुसरं कारण मधुमेहाने नसांवर होणारा परिणाम. तो असला तर त्रास बहुधा दोन्ही पायांना असतो, मशीनवर न बसताही असतो, रात्री तळव्यांची आग होते, फरशीवरून चालताना पायाखाली गादी असल्यासारखं वाटतं. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराकडे झुकतं, पण पत्रावरून निदान करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून संवेदना तपासतात. दोन-चार मिनिटांचं काम, सुई नाही, काही नाही. मधुमेह्याने ही तपासणी तशीही वर्षातून एकदा करून घ्यायची असते. या आठवड्यात करून टाका.

आणि सोलवटलेली टाच पूर्ण भरेपर्यंत मशीन भिंतीलाच राहू द्या. मधुमेहात साध्या सालपटाचं चिघळून काय होऊ शकतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पुन्हा सुरू केल्यावर रोज आंघोळीनंतर छोटा आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. संवेदना कमी असलेल्या पायाला फोड आला तरी तो दुखत नाही, हीच त्यातली गोम आहे.

आता पट्टा. इथे मला जरा लांबचं सांगू द्या.

मी पुण्यात कॉलेजच्या बोट क्लबात रोइंग शिकलो. खऱ्या बोटीत बूट घालून बसत नाहीत, बूट बोटीतच स्क्रूने बसवलेले असतात आणि आपण अनवाणी किंवा मोज्यांनिशी त्यात पाय सरकवायचे. एकाच बोटीत सकाळपासून चार तुकड्या जाणार, म्हणून बूट सगळ्यांना होतील असे, म्हणजे 9-10 नंबरचे. माझा पाय 6. पहिले काही महिने मी दोन मोजे आणि पुढे वर्तमानपत्राचा बोळा अशा थाटात नदीवर उतरत होतो. बुटाचा पट्टा इतका आवळायचो की वर आल्यावर पावलावर आडवा लाल वळ. एके दिवशी कोच म्हणाले, पाय बुटातून बाहेर काढा, बुटांवर नुसते टेकवा, आणि मारा. पहिल्याच स्ट्रोकला, म्हणजे वल्ह्याच्या पहिल्याच ओढीला, माझं डोकं मागच्या भिडूच्या गुडघ्यांवर. सगळी बोट हसली. तासाभराने मात्र त्याच बोटीत मी पाय न बांधता व्यवस्थित वल्हवत होतो, आणि त्या दिवसापासून वळ उठणं थांबलं.

तुम्ही ज्याला ‘मागे कलंडेन’ म्हणता ती भीती मला त्या सकाळपासून ओळखीची आहे. आपल्याला वाटतं पट्टा आपल्याला धरून ठेवतो. तो त्यासाठी नाहीच. रोइंगमध्ये पायाचं काम एकच, पावलं टेकवायची फूटप्लेट ढकलणं. ढकलताना पाय आपोआप प्लेटला चिकटलेला असतो, त्या वेळी पट्टा असला-नसला सारखाच. गडबड होते ती स्ट्रोकच्या शेवटी, हँडल पोटाशी येतं तेव्हा. हँडल शेवटपर्यंत नीट ओढलंत तर अंगाचा मागे जाणारा वेग त्या ओढीतच जिरतो. पण हात शेवटी ढिले पडले आणि धड मात्र मागे मागे झुकत राहिलं, तर तो वेग जिरायला जागा नसते. मग पावलं वर उचलली जातात आणि आपण पंजा पट्ट्यात अडकवून स्वतःला पुढे खेचतो. दर मिनिटाला वीस-पंचवीस वेळा. म्हणजे आठ मिनिटांत दोनशेच्या आसपास वेळा तुम्ही त्या पट्ट्याला पावलाच्या वरच्या बाजूने लटकता. मुंग्या येणार नाहीत तर काय होईल? नडगीच्या पुढच्या बाजूला दुखतं का तेही बघा. दुखत असेल तर खात्रीच समजा.

पावलाच्या वरच्या भागात मांस जवळजवळ नाही. तिथून एक नस हाडालगत पुढे जाते आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्या बेचक्यातल्या त्वचेला संवेदना देते. बुटाची नाडी करकचून बांधली की तिथेच मुंग्या येतात. तुम्ही ‘अंगठ्याजवळ’ असं लिहिलंय, म्हणून सांगतो.

उपाय बसण्यात आहे. समोर घड्याळ आहे आणि तुम्ही त्याचा काटा आहात असं धरा. पुढे वाकताना एक वाजेपर्यंत, मागे जाताना अकरा वाजेपर्यंत. त्यापुढे नाही. बहुतेक नवशिके दहाच्याही पलीकडे आडवे होतात, कारण तसं केल्यावर ‘जोर लागला’ असं वाटतं. जोर पायांचा असतो. कोच मंडळी ढोबळ हिशेब सांगतात की स्ट्रोकची साठ टक्के ताकद पायांतून येते. 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आलेला आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवा. त्याचे रुंद खांदे सगळ्यांनी फोटोत पाहिले. बोट पुढे नेली ती मांड्यांनी.

मला कोचने दिलेला प्रयोग तुम्हाला जसाच्या तसा देत नाही, कारण तुमच्या मशीनची फूटप्लेट आसावर फिरणारी असणार. दुमडणाऱ्या घरगुती मशीनना बहुधा तशीच असते. पट्टा पूर्ण सोडला तर ती प्लेट पायाखालून गिरकी घेईल. म्हणून पट्टा लावा, पण त्याखाली दोन बोटं आरामात जातील इतका सैल. मग मिनिटाला 18 ते 20 स्ट्रोक, त्याहून जलद नाही. अकराला थांबा. पावलाचा वरचा भाग पट्ट्याला लागता कामा नये हा एकच नियम. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड होईल. पाच-पाच मिनिटंच करा. यजमानांनाही करायला लावा, ‘मला काही होत नाही’वाल्यांची या प्रयोगात गंमत होते. (जिममध्ये कन्सेप्ट टू या कंपनीचं मशीन असेल तर त्याच्या प्लेट स्थिर असतात. तिथे पट्टे पूर्ण सोडून करता येईल.)

पट्टा किती घट्ट हे झालं. पट्टा कुठे, हा याच्याइतकाच मोठा प्रश्न, आणि तुमच्या घरात 4 आणि 9 नंबर एकाच मशीनवर बसतात म्हणून तो जास्तच मोठा. पट्टा चवड्यावर यायला हवा, म्हणजे बोटं जिथे पावलाला जोडली जातात त्या सगळ्यात रुंद भागावर. त्याच्या वर सरकला तर बोटांना करकचतो, खाली सरकला तर त्या नसेवर बसतो. 4 नंबरचा पाय साधारण 23 सेंटीमीटर लांब. त्याचा चवडा टाचेपासून सोळा-सतरा सेंटीमीटरवर येतो. 9 नंबरवाल्याचा वीसच्या आसपास. घरगुती मशीनवर टाच टेकवायचा कप आणि पट्टा यांतलं अंतर बहुतेक वेळा कायम असतं, आणि ते मोठ्या पायाच्या हिशेबाने ठेवलेलं असतं. त्यामुळे माझा संशय असा की यजमानांच्या पट्टा बरोबर चवड्यावर येतो आणि तुमच्या थेट बोटांवर.

बघायची युक्ती सोपी आहे. पांढरा मोजा घाला, चवड्याच्या रुंद भागावर पेनाने आडवी रेघ मारा, पाय कपात ठेवा आणि पट्टा रेघेवर येतो का बघा. पट्टा रेघेच्या पुढे, बोटांवर पडत असेल तर पाऊल वर सरकवायला हवं. जुन्या योगा मॅटचे टाचेच्या आकाराचे तुकडे कापा, एकावर एक चिकटवून दोन-तीन सेंटीमीटरची थप्पी करा आणि टाचेच्या कपात, टाचेच्या मागे-खाली बसवा. पक्की चिकटवू नका, वेल्क्रोवर लावा, म्हणजे यजमानांच्या वेळी निघेल. माझ्या ओळखीच्या एका घरात ही थप्पी मशीनच्या शेजारी खुंटीला टांगलेली असते, बायकोची टाच म्हणून.

कन्सेप्ट टूवर ही कटकट नाही. तिथे टाचेचा भाग भोकांच्या पट्टीवर वरखाली सरकतो. जिममध्ये एकदा आपलं भोक शोधून लक्षात ठेवलं की झालं. पाऊल वर गेलं की पुढे येताना गुडघे आणि कंबर जास्त दुमडतात, हे मात्र तिथेही आणि तुमच्या थप्पीलाही लागू. पुढे आल्यावर नडगी उभी झाली पाहिजे, त्यापलीकडे जायचं नाही. पोट मध्ये येत असेल किंवा गुडघा कुरकुरत असेल तर थप्पीतला एक थर कमी करा, पट्टा अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे चालेल.

आता बूट. ट्रेनरने जाड सोलचे रनिंग शूज सुचवले. त्यांचा हेतू चांगला आहे, पण तो सोल पळताना जमिनीचा धक्का खाण्यासाठी बनवलेला असतो. रोइंगमध्ये धक्का नाहीच. मऊ जाड सोलमध्ये पाय ढकलला की पहिला जोर फोममध्येच जातो, गादीवर उभं राहून कपाट सरकवल्यासारखं. शिवाय हल्ली अशा बुटांची टाच बाहेर पसरट काढलेली असते, ती घरगुती मशीनच्या कपात नीट बसत नाही, तिरकी राहते आणि घोटा मुरगळल्यासारखा होतो. पायात आधीपासून असतील तर ते घालून करायला हरकत नाही, पण मुद्दाम त्यासाठी पाच-सात हजार घालवू नका.

हवा तो पातळ, सपाट, न दबणारा सोल. आपल्याकडे याला सगळ्यात जवळचा बूट शाळेत पी.टी.ला घालायचो तो पांढरा कॅनव्हासचा. हसू नका. रबरी सपाट तळ, अरुंद टाच, वजन नाही, किंमत रनिंग शूजच्या एका अंशाइतकी. तुमच्यासाठी फक्त एक अट: पुढचा भाग रुंद हवा, बोटं एकमेकांवर चढता कामा नयेत. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि ज्या मोज्यावर व्यायाम करणार तोच घालून जा. आत हात घालून शिवण चाचपा. बोटाला टोचली तर तो जोड परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. मोजा जाडसर, घाम शोषणारा आणि बोटांवर शिवण न येणारा. ठाण्याच्या दमटपणात पातळ सुती मोजा दहा मिनिटांत भिजतो आणि मग तोच टाच घासतो. तुमची टाच सोलवटण्यामागे बूट नसण्याइतकाच भिजलेला मोजाही असेल असं मला वाटतं.

सपाट सोलला एक अपवाद आहे. तुम्हाला टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसता येतं का? मशीनवर पुढे आल्यावर शरीर जवळपास त्याच अवस्थेत असतं. जुन्या पिढीला हे सहज जमतं, खुर्ची आणि कमोडच्या पिढीच्या टाचा उचलल्या जातात. तुमचे गुडघे नाजूक आहेत, तेव्हा खाली बसून बघू नका. भिंतीजवळ उभं राहून पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघा. अजिबात टेकत नसेल तर घोटा आखडलेला आहे. मग टाच थोडी उंच असलेला, पण कडक सोलचा बूट बरा. वजन उचलणारे असेच बूट वापरतात, टाचेला दीड-दोन सेंटीमीटर उंची आणि दगडासारखा तळ. तुम्हाला तो खास बूट नको, टाचेखाली कडक इनसोलचा तुकडा पुरे. पुढे आल्यावर टाच जराशी उचलली गेली तर घाबरू नका, चालतं. ढकलायला लागल्याबरोबर ती टेकली पाहिजे.

सासूबाईंचा प्रश्न मी हलका धरत नाही. त्यांचं बरोबर आहे, रस्त्यावरचे बूट देवघराशेजारी कशाला? म्हणून हे कॅनव्हासचे बूट दुकानातून पिशवीत आणायचे, घरात काढायचे आणि उंबऱ्याबाहेर कधीही न्यायचे नाहीत. आणल्यावर त्यांच्या हातात द्या, तळ बघू द्या. रस्ता न पाहिलेला बूट म्हणजे रबरी तळाचा मोजाच. माझ्या आईला हा युक्तिवाद पटायला दोन दिवस लागले होते. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच त्या बुटांसाठी जुन्या साडीची पिशवी शिवून दिली. मशीन देवघरापासून हात-दोन हात सरकवता आलं तर तेही करा, सीटच्या रुळाखालचा घामाचा डाग तुम्हालाच पुसायचा आहे.

यजमानांच्या स्लिपरबद्दल थोडक्यात. टाच बांधलेली नसली की प्रत्येक स्ट्रोकला पाऊल चपलेत मागे-पुढे सरकतं आणि ते न कळत बोटांनी चप्पल पकडून ठेवतात. आज काही होत नाही, पोटरीला पेटके आले की मला पत्र लिहितील. त्यांनाही एक जोडी आणा.

आणि मुलगा. बोस्टनला राहतो म्हणजे चार्ल्स नदीच्या काठी हे वारं त्याला लागलं असणार. तिथली हेड ऑफ द चार्ल्स ही शर्यत 1965पासून भरते, आणि घरातल्या मशीनवरच्या शर्यतीही त्याच शहराने नावारूपाला आणल्या. काही हौशी आणि स्पर्धक खरोखर पट्टे काढून मशीनवर बोटीसारखे बूट किंवा सायकलची पेडल बसवतात. पाय हलत नाही, मजा येते. पण एक गोष्ट त्याला विचारा: बोटीतल्या बुटांच्या टाचा दोरीने खाली का बांधलेल्या असतात? बोट उलटली तर त्या दोरीमुळे टाच बुटातून सुटते आणि पाय बाहेर येतो. पाय झटकन सुटला पाहिजे असा स्पर्धेचा नियमच आहे, त्याची तपासणी होते. म्हणजे जिथे पाय सगळ्यात पक्का बसवतात, तिथेही आधी तो सुटण्याची सोय बघतात. सायकलची क्लिप टाच बाहेर फिरवल्यावर सुटते. त्याला सराव लागतो, आणि सराव नसलेली माणसं सिग्नलला सायकलसकट आडवी होताना मी पाहिली आहेत. दाराची बेल वाजली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, साखर उतरून गरगरलं, अशा वेळी जमिनीपासून वीतभर उंचीच्या सीटवर पाय क्लिपमध्ये घट्ट अडकलेले नकोत. शिवाय क्लिपचा सगळा दाब चवड्याखालच्या एका छोट्या जागेवर येतो, मधुमेही तळव्याला तो नकोच. मशीनला भोकं पाडलीत तर वॉरंटीचं काय, हेही त्याला वाचायला सांगा. येताना पेडलऐवजी चांगले मोजे आणायला सांगा, ते तिकडे मिळतात आणि बॅगेत जागाही कमी घेतात.

पट्ट्याबद्दल शेवटचं. वेल्क्रो वर्ष-दीड वर्षात केस आणि धूळ भरून पकड सोडतो, मग माणूस आणखी आवळतो. जुन्या टूथब्रशने दर महिन्याला साफ करा. तरी सुटत असेल तर नवा पट्टा मागवत बसू नका. तुमच्याकडे नाक्यावर बॅगा आणि चपला शिवणारा कोणीतरी असेलच, त्याच्याकडून बॅगेच्या नायलॉन पट्टीचा, दोन इंच रुंद, आतून मऊ अस्तर लावलेला शिवून घ्या. रुंद पट्टा दाब पसरवतो. जाताना जुना पट्टा बरोबर न्या. माप तोंडी सांगितलंत तर तो स्कूलबॅगेचा बंद शिवून देईल.